हिशेब सूर्यापर्यंतचा

१८५९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा दिकसाळ ते बार्शी रोड हा टप्पा सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या केमच्या शिवारातून कोळशाची गाडी पहिल्यांदा धावली ती या टप्प्यामुळे. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार. संबंध होता, आणि पुढे त्यातूनच एक वाद उभा राहिला. तो वाद या पुस्तकाचा विषय आहे.

वाफेच्या इंजिनाने माणसाला एक कोडं घातलं होतं. कोळशातली एवढी उष्णता जाते कुठे? त्या काळच्या इंजिनात शेकडा पाचेक भागच ओढकामाला लागत. बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाई. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली या प्रश्नाला हात घातला. जर्मनीच्या रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५० साली त्याला नियमाचं रूप दिलं आणि १८६५ साली त्यातल्या राशीला 'एन्ट्रॉपी' हे नाव ठेवलं. ऊष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. दुसरा नियम जास्त बोचरा आहे. ज्या व्यवस्थेचा बाहेरच्या जगाशी काहीही देण्याघेण्याचा संबंध नाही, तिची एन्ट्रॉपी कधी घटत नाही. ती वाढते, फार तर तेवढीच राहते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपणहून जाते, उलट दिशेने आपणहून जात नाही.

आता आक्षेप मांडतो, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवा. जग आपणहून विस्कटत जातं असं भौतिकशास्त्र म्हणतं. जीवशास्त्र म्हणतं की सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या एकपेशीय जीवांपासून माळढोक, ज्वारी आणि माणूस इथवर मजल गेली. मग यातलं एक शास्त्र खोटं असलं पाहिजे. अमेरिकेत हेन्री मॉरिस यांनी हा युक्तिवाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात मांडला. मॉरिस हे पाण्याच्या प्रवाहशास्त्राचे अभियंते होते, त्यामुळे त्यांना नियम ठाऊक नव्हता असं म्हणून सुटता येत नाही. तिथून हा युक्तिवाद भाषांतरांमधून आणि भाषणांमधून आपल्याकडे झिरपला. शाळेतला एखादा चुणचुणीत मुलगा तो न वाचताही स्वतःच्या डोक्याने काढू शकतो. अशा मुलाला गप्प बसवू नये. त्याने प्रश्न बरोबर विचारलेला असतो.

आधी एन्ट्रॉपी म्हणजे काय ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. केम कुंकवासाठी ओळखलं जातं. कारखान्यात पोतं भरताना थोडी पूड उडते, ती हवेत पसरते, भिंतींवर आणि कपड्यांवर बसते. ती परत पोत्यात येऊन बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तिला अडवणारी कोणतीही शक्ती नाही. प्रत्येक कण कुठेही जायला मोकळा आहे. पण कण पोत्यात असण्याच्या मांडण्या मोजक्या आणि खोलीभर पसरलेले असण्याच्या मांडण्या अफाट, म्हणून पूड पसरलेलीच सापडते. लुडविग बोल्ट्झमन यांनी एन्ट्रॉपीचा अर्थ असा मांडण्यांच्या मोजणीत लावून दिला. दुसरा नियम म्हणजे मुळात मोजणीचा नियम आहे.

'एन्ट्रॉपी म्हणजे पसारा' ही व्याख्या मात्र अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टी जास्त फसवतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. केमची काळी जमीन त्याच बेसॉल्टची झीज आहे. हा लाव्हा थंड होताना काही ठिकाणी आकसून तडकला आणि त्याचे रेखीव, बहुकोनी खांब उभे राहिले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांची आहे. कुणी कारागीर तिथे आला नव्हता. उष्णता बाहेर गेली, आसपासची एन्ट्रॉपी वाढली आणि मागे भूमिती उरली. त्याहून नवलाची गोष्ट पेशीच्या पडद्याची. स्निग्ध रेणू पाण्यात टाकले की ते आपोआप दुहेरी थर करतात, त्याच्या पोकळ गोळ्या बनतात. रेणू शिस्तीत लागल्याने त्यांची एन्ट्रॉपी कमी होते, पण त्यांच्याभोवती अडकून पडलेलं पाणी मोकळं होतं आणि पाण्याची एन्ट्रॉपी त्याहून जास्त वाढते. म्हणजे सजीवाची पहिली भिंत दुसऱ्या नियमामुळे उभी राहते. ज्याला हा नियम जीवाचा शत्रू वाटतो, त्याने या एका उदाहरणापाशी जरा थांबावं.

आक्षेपाला नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की पृथ्वी ही बंदिस्त व्यवस्था नाही, तिला सूर्याकडून ऊर्जा मिळते, विषय संपला. हे उत्तर खरं आहे, पण आळशी आहे. ऊन तर पडीक रानावरही पडतं. मेलेल्या बैलावर ऊन पडलं तर तो जिवंत होत नाही, लवकर कुजतो. नुसती ऊर्जा आली म्हणून रचना उभी राहत नाही, एवढं आक्षेपकाचं म्हणणं रास्त आहे. आणखी एक अडचण आहे. पृथ्वीवर जेवढी ऊर्जा येते, जवळजवळ तेवढीच ती परत अवकाशात सोडते. तसं नसतं तर आपण केव्हाच भाजून निघालो असतो. मग सूर्याकडून आपल्याला मिळतं तरी काय?

फरक ऊर्जेच्या प्रतीत आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. तिथून येणारा प्रकाशकण मोठा, म्हणजे एकेकात भरपूर ऊर्जा असलेला. पृथ्वी अवकाशाकडे जी उष्णता टाकते ती सरासरी २५५ केल्विनच्या हिशेबाने, अवरक्त किरणांच्या रूपात. हे कण लहान. सूर्याचा एक कण आत येतो तेव्हा तेवढ्याच ऊर्जेचे सुमारे वीस कण बाहेर जातात. तीच ऊर्जा वीस तुकड्यांत विभागली की तिच्या मांडण्या कितीतरी वाढतात, आणि एन्ट्रॉपी पृथ्वीबाहेर रवाना होते. पौषातल्या निरभ्र रात्री उघड्या रानात हुडहुडी भरते, ती ही पाठवणी चालू असल्यामुळेच. तेव्हा नुसता तापलेला सूर्य असून भागत नाही, वर थंड आकाशही लागतं. बोल्ट्झमन यांनी १८८६ साली व्हिएन्नातल्या एका व्याख्यानात हेच सांगितलं होतं: सजीवांची धडपड ना मूलद्रव्यांसाठी आहे ना नुसत्या ऊर्जेसाठी, ती तापलेला सूर्य आणि थंड पृथ्वी यांच्यामधल्या उताराचा लाभ मिळवण्यासाठी आहे. दुसऱ्या नियमाला आजचं रूप देणारा हा माणूस डार्विनचा मोठा चाहता होता. त्याला या दोघांत भांडण दिसलं नाही. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४४च्या 'व्हॉट इज लाइफ?' या छोट्या पुस्तकात तोच धागा पुढे नेला.

आता रानात येऊ. केमच्या बाजूला रब्बी ज्वारी पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. कोरडवाहू पिकाचं, कणीस आणि कडबा धरून, एकरी दीड ते दोन टन सुकं वजन मिळालं असं समजू. चार महिन्यांत त्या एकरावर जेवढं ऊन पडतं, त्याच्या तुलनेत या पिकात साठलेली ऊर्जा हजारात तीन-चार भाग भरते. बाकीचं ऊन जमीन आणि पानं तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात जातं. एक किलो सुकं वजन तयार करताना ज्वारी सुमारे तीनशे लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडते. कणसात दाणे ओळीने भरलेले दिसतात, ती झाली घटलेली एन्ट्रॉपी. त्या बदल्यात आभाळात गेलेली वाफ आणि उष्णता कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. या वादात बहुतेक चुका अशाच होतात: कणीस मोजलं जातं, वाफ मोजायची राहून जाते.

उन्हाने बैल कुजतो आणि ज्वारी मात्र वाढते, याचं कारण ज्वारीच्या पानात ऊन पकडून कामाला लावणारी यंत्रणा आहे. त्या यंत्रणेचीही सुधारणा होत गेलेली आहे. ज्वारी, मका आणि ऊस या पिकांत कार्बन पकडण्याची एक जादा पायरी असते; ती उष्ण, कोरड्या हवेत पाणी वाचवते. ही युक्ती वनस्पतींच्या इतिहासात साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. ती कशी झाली असेल, हे आपल्या डोळ्यांसमोरच्या उदाहरणावरून कळतं. सोलापूर जिल्ह्यातच, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हे वाण काढलं गेलं. अवर्षणात तग धरणारी, भाकरीला चांगली, कडबा गोड. आज इतकी वर्षं लोटली तरी शेतकरी तीच मागतो. तिथे निवड माणसाने केली. रानात ती दुष्काळ करतो, कीड करते, शेजारचं झाड करतं.

यातली पायरी न् पायरी तपासा. बी उगवलं, यात दुसरा नियम मोडला का? नाही, हे दरवर्षी होतं. बीजातल्या गुणसूत्रांची नक्कल करताना एखादी चूक झाली. चुका होणं हे तर दुसऱ्या नियमाला धरूनच आहे. चूक घेऊन आलेली रोपं कमी-जास्त जगली, मेली. मरणालाही नियमाची आडकाठी नाही. उरलेल्यांनी पुन्हा बी धरलं. उत्क्रांतीत याखेरीज पाचवी पायरी नाही. एकाही पायरीने नियम मोडला नसेल तर चारही मिळून, कोटी वर्षं चालल्या तरी, तो मोडू शकत नाहीत. उलट, दुसरा नियम उत्क्रांतीला मनाई करत असता तर त्याने हरभऱ्याला कोंब फुटायलाही मनाई केली असती, आणि एका पेशीतून नऊ महिन्यांत मूल घडणं तर अशक्यच होतं. युक्तिवाद म्हणून मला हा सगळ्यांत सरळ वाटतो. पुस्तकातला गणिताचा भाग कुणाला जड गेला तर एवढा परिच्छेद पुरेल.

आकडा मात्र हवाच, कारण भौतिकशास्त्रात 'भरपूर' या शब्दाला किंमत नसते. अमेरिकेच्या ओबर्लिन कॉलेजातले डॅनियल स्टायर यांनी २००८ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हा हिशेब छापला. पृथ्वीवरचा प्रत्येक जीव शंभर वर्षांत आपल्या पूर्वजापेक्षा हजारपट अधिक 'असंभाव्य' होत जातो, असं त्यांनी धरलं. जीवांची संख्या धरली एकावर बत्तीस शून्यं. त्यात बहुतेक सगळे जिवाणूच. एवढ्या सढळ हाताने मोजूनही उत्क्रांतीमुळे घटणारी एन्ट्रॉपी सेकंदाला काहीशे जूल प्रति केल्विनच्या वर जात नाही. पृथ्वी दर सेकंदाला जी एन्ट्रॉपी बाहेर टाकते ती चारशे लाख कोटी जूल प्रति केल्विनच्या पुढे आहे. खर्चापेक्षा जमा एक लाख कोटीपट. पुढच्या वर्षी एमरी बन यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं की हजारपट हे गृहीतक मनमानी आहे, खरा आकडा फार मोठा असू शकतो. त्यांनी तो कितीतरी पटींनी वाढवून पाहिला. तरी जमा खर्चाला पुरून उरली.

उत्क्रांती आणि ऊष्मागतिकी यांच्यात खरोखरीचं भांडण एकदा झालं होतं, आणि ते आजच्या भांडणापेक्षा फार वरच्या दर्जाचं होतं. डार्विन यांनी पहिल्या आवृत्तीत इंग्लंडच्या वील्ड खोऱ्याची झीज व्हायला तीस कोटी वर्षं लागली असावीत असा अंदाज दिला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ साली पृथ्वी तापलेल्या गोळ्यापासून निवत आली असं मानून तिचं वय काढलं: दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं. पुढे ते आणखी खाली आले आणि १८९७ साली दोन ते चार कोटींवर थांबले. एवढ्या वेळात नैसर्गिक निवडीने जीवसृष्टी घडणं शक्य नव्हतं. डार्विन यांनी वील्डचा तो हिशेब १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीतून काढून टाकला होता, आणि केल्विन यांचा आक्षेप त्यांना अखेरपर्यंत छळत राहिला.

केल्विन यांचं गणित चुकलं नव्हतं, गृहीतकं चुकली होती. त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली दाखवलं की पृथ्वीच्या पोटातला भाग हळूहळू वाहत असेल तर वय कितीतरी वाढतं. १८९६ साली हेन्री बेकरेल यांना किरणोत्सर्ग सापडला आणि उष्णतेचा एक वेगळाच साठा उघड झाला. सूर्य कशावर जळतो हे तर १९३०च्या दशकाअखेर, हान्स बेथे यांच्या कामानंतर, नीट कळलं. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं. डार्विन यांना हवा होता त्याहून जास्तच वेळ निघाला. ऊष्मागतिकीने उत्क्रांतीची कसून परीक्षा घेतली होती. जे लोक म्हणतात की या नियमाकडे जीवशास्त्रज्ञांनी कधी पाहिलंच नाही, त्यांना हा इतिहास माहीत नसतो.

गुंतागुंत 'वाढत जाते' हे गृहीतकही तपासायला हवं. लसूणघासावर पिवळे दोरे टाकावेत तशी अमरवेल पसरते. तिचे पूर्वज पानं आणि मुळं असलेले सरळ वेल होते. परजीवी झाल्यावर मुळं गेली, पानांचे नुसते खवले उरले, त्यांच्याशी निगडित कित्येक जनुकंही गळाली. निवडीने तिला साधं केलं, कारण तिला साधेपणाच परवडला. पृथ्वीवरचे बहुसंख्य जीव आजही एकपेशीय आहेत आणि त्यांचं छान चाललं आहे. काही शाखांत गुंतागुंत वाढली, काहींत घटली, बहुतेकांत फार हलली नाही. शिडीचं चित्र डोक्यातून गेलं की निम्मा आक्षेप गळून पडतो.

खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव या वादात हमखास येतं. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेलं आणि त्यातून बोइंग ७४७ विमान तयार झालं, इतकंच जीव आपोआप घडणं संभवनीय आहे, अशा अर्थाचं ते १९८१च्या सुमारास बोलले. मराठी वाचकाला हॉईल परके नाहीत. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हे त्यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी आणि सहकारी. जिवाणू अवकाशातून येतात का हे तपासायला नारळीकरांच्या सहभागाने बलूनचे प्रयोग झाले. त्यांतून सापडलेल्या तीन नव्या जिवाणूंपैकी एकाला २००९ साली हॉईल यांच्या नावावरून जॅनिबॅक्टर हॉयली असं नाव मिळालं. हॉईल यांची उपमा चटकदार आहे, पण तिचा उत्क्रांतीशी संबंध नाही. वादळ एकदाच येतं आणि काही जपून ठेवत नाही. निवड प्रत्येक पिढीत जमलेलं तेवढं ठेवते. शिवाय ते बोलत होते पहिल्या जीवाच्या जन्माबद्दल. तो प्रश्न वेगळा आहे आणि अजून सुटलेला नाही. इल्या प्रिगोजिन यांना १९७७ साली नोबेल मिळालं ते ऊर्जेच्या प्रवाहात रचना आपोआप कशा उभ्या राहतात या अभ्यासाबद्दल. त्यातून दिशा मिळते, उत्तर मिळत नाही. न सुटलेल्या प्रश्नाला 'नियमाविरुद्ध' म्हणणं मात्र लबाडी आहे.

आणि उलट बाजूची लबाडीही नको. ऊष्मागतिकीने उत्क्रांती सिद्ध होत नाही. ती फक्त परवानगी देते. सिद्धता जीवाश्मांतून, जनुकांच्या तुलनेतून, बेटांवरच्या प्रजातींतून येते.

हे सगळं आता का लिहायचं? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचं आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा असल्याचं सांगितलं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि २०२३ साली अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलंच प्रकरण आहे, ही चांगली गोष्ट. दुसरा नियम मात्र थेट बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटतो. तोवर बरीच मुलं जीवशास्त्र तरी सोडतात नाहीतर भौतिकशास्त्र तरी. दोन्ही एकत्र ठेवून बघण्याची वेळच येत नाही, आणि ती फट कुणीही भरून काढतं.

ही फट शिक्षकांनी भरावी म्हणून हे पुस्तक आहे. वर्गात हा प्रश्न आला तर 'पृथ्वी बंदिस्त नाही' एवढं सांगून पुढे जाऊ नका. आपापल्या भागातलं पीक घ्या, एकरी सुकं वजन घ्या, चार महिन्यांचं ऊन घ्या आणि फळ्यावर मुलांकडून भागाकार करवून घ्या. आणि ज्यांना हा सगळा विचारच अमान्य आहे त्यांचंही स्वागत आहे. मात्र एन्ट्रॉपी नेमकी कोणत्या पायरीवर, किती जूल प्रति केल्विनने कमी पडते, तो आकडा घेऊन यावं.